दोन ठेकेदार

"अजी, चक्कीवाल्याचा परत फोन येऊन राह्यला. काय सांगू त्याले?" बायनाबाईने चुलीपासून नवऱ्याला, मुखरूला, विचारले.

"सांग, उद्या येतो मनून."

हे तिसरे उद्या होते. मुखरूने मोबाइल उघडला. शेअरचा आकडा लालच होता, कालच्याहून खाली.

मूल शहराजवळच्या या गावात मुखरू बावीस उन्हाळे तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे बिडीची पाने विकत घ्यायच्या केंद्रावर, दिवाणजी होता. बायका जंगलातून पाने तोडून आणत, हा पुडे मोजून घेई. दोन ठेकेदार एकाच जंगलासाठी भांडले की भाव चढतो आणि गावाचे भले होते, हे त्याने पक्के ओळखले होते. म्हणून चंद्रपूरचा भाचा प्रफुल म्हणाला, "मामा, अमेरिकेत कॉम्प्युटरच्या चिपवाल्या दोन कंपन्या भांडून राह्यल्या," तेव्हा मुखरूला वाटले, हे तर आपल्या ठेकेदारांसारखेच, भाव चढणार! पिठाची चक्की घ्यायला ठेवलेले सगळे पैसे त्याने मोठ्या कंपनीच्या शेअरमध्ये घातले. बायकोला विचारलेही नाही.

मग दुसऱ्या कंपनीने तसलीच चिप निम्म्या किमतीत आणली आणि मोठीचा शेअर धाडकन आपटला. भांडणात ठेकेदार बुडतो, हेही मुखरूने पाहिले होतेच की. पण शेअर घेणारा हा ठेकेदाराचा भागीदार, पाने विकणारा नव्हे, एवढे मात्र या शहाण्याला उमगले नव्हते.

चक्की ही हौस नव्हती. मागच्या हंगामात वाकून पाने तोडणाऱ्या सुकरीला वाघाने मागून उचलले, बायनाबाईपासून दहा हातांवर. त्या दिवशी मुखरूने बायकोला शब्द दिला होता, आता तू जंगलात जायचे नाही, घरीच चक्की चालवायची. आणि परवा फळी उघडणार होती. चार रात्री त्याला धड झोप नव्हती.

"चक्की येत नाई आता," तो एकदाचा बोलला. "पैसे बुडवले म्या." मग त्याने सगळे सांगितले, ठेकेदारांसकट.

बायनाबाईने भाकर उलटली.

"मले काऊन नाई विचारलं जी?"

तिने हात धुतले, फडताळातून पाने बांधायचे जुने लुगडे काढले आणि झटकून उन्हात टाकले.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती निघाली, तर मुखरू चपला घालून, काठी घेऊन दारात उभा.

"तुमी कुठी? फळी तं दुपारी हाये."

"तुझ्यासंग."

"पानं तोडता येते का तुमाले?"

"नाई."

जंगलाच्या कडेला बायका पांगल्या. बायनाबाई म्हणाली, "समोर चाला."

"नाई. तू समोर. मी मांगं रायतो."

ती पहिल्या झुडपापाशी वाकली. मुखरूने हातातली काठी घट्ट धरली आणि तो तिच्याकडे पाठ करून, झाडीकडे तोंड करून उभा राहिला.