काचेचं घंगाळ

“अहो, ती बाटली आधी बाहेर फेका,” चहाचं आधण ठेवता ठेवता आनंदी ओरडली. “लोकांच्या घरचे डास मारायचा पगार घेता आणि स्वतःच्या घरात डास पाळता?”

“पाळतोय कुठे? पाहुणे आहेत. मंगळवारी जातील.”

काशीनाथने जामची बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि काचेवर टिचकी मारली. तीसेक अळ्या वळवळत तळाशी गेल्या. मग एकेक करत वर आल्या आणि शेपटी पाण्याला टेकवून तिरक्या लटकल्या. तिरक्या लटकल्या म्हणजे गटारातल्या साध्या डासाच्या. डेंग्यूची एकही त्यात नाही, हे त्याने तीनदा टॉर्च मारून बघून घेतलं होतं. त्याला सूड घ्यायचा होता, कोणाला हॉस्पिटलात घालायचं नव्हतं.

“कोणाकडे जाणार हे पाहुणे?”

“हाटकेशला. सातशे तीन.”

आनंदीच्या हातातला चमचा थांबला. “वर्ष झालं त्याला.”

“मला नाही झालं.”

दोरीवर वाळत घातलेली त्याची पँट तिने ओढून काढली आणि त्याच्या अंगावर टाकली. पँटीचे दोन्ही खिसे शिवून बंद केलेले होते. तिनेच शिवले होते, त्याच्याच सांगण्यावरून, दुहेरी दोऱ्याने.

काशीनाथ पालिकेच्या मलेरिया खात्यात सव्वीस वर्षं होता. काम सोपं. घरोघर जायचं, पिंप, टाक्या, फ्रीजमागचा ट्रे, मनीप्लँटच्या बाटल्या बघायच्या, अळी सापडली तर साहेबाला नोटीस लिहायला लावायची आणि दारामागच्या भिंतीवर खडूने तारीख टाकून पुढचं घर गाठायचं. तो राहायचा त्या पेणकरपाड्यात त्याला खोडकर म्हणून सगळे ओळखत. साहेबाच्या डब्यात रबरी पाल ठेवणारा तो, आणि पाल सापडल्यावर सगळ्यात मोठ्याने ओरडणाराही तोच. पण सव्वीस वर्षांत त्याने एका घराची खोटी नोंद केली नव्हती.

सातशे तीनमध्ये सुरुची मॅडम राहायच्या. त्यांना घर सजवायचा नाद होता आणि त्याचे व्हिडिओ मोबाईलवर टाकायचाही. हॉलभर काचेचे मोठाले बाऊल. काशीनाथ त्यांना घंगाळं म्हणायचा, कारण एकेकात लहान पोराला आंघोळ घालता आली असती. मोजून सात. एकात तरंगत्या मेणबत्त्या, एकात जरबेराची फुलं, एकात नुसतं निळं पाणी. सगळ्यात मोठं दाराजवळ. त्यात वीतभर उंचीपर्यंत हिरव्या काचेचे खडे आणि वर कमळाची पानं. मॅडम मगने वरचं पाणी काढून नवीन भरायच्या, खडे मात्र कधी हलवायच्या नाहीत. खड्यांची रचना बिघडते, म्हणायच्या.

“मॅडम, आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करा, घासा, कोरडं ठेवा,” काशीनाथ प्रत्येक फेरीला सांगायचा. “डास काचेला अंडी चिकटवतो. पाणी बदललं तरी ती तिथंच राहतात.”

“हो हो, काका. तुम्ही जरा चपला बाहेर काढता का?”

गेल्या श्रावणात, शुक्रवारच्या हळदीकुंकवाला हॉल बायकांनी भरलेला असताना, तो तपासणीला आला आणि त्याच वेळी मॅडमच्या लक्षात आलं की बोटात पाचूची अंगठी नाही. घरात बाहेरचा माणूस एकच. वॉचमनला वर बोलावलं. आठ-दहा बायकांसमोर वॉचमनने काशीनाथचे खिसे उलटे केले. खडू, बसचा पास, आनंदीने दिलेली मिरच्या-कोथिंबिरीची चिठ्ठी. बाकी काही नाही. कोणीतरी व्हिडिओ काढला. तो बिल्डिंगच्या ग्रुपवर गेला आणि फिरत फिरत भाईंदरला त्याच्या मुलीच्या, ममताच्या सासूपर्यंत पोचला. पुढच्या वेळी काशीनाथ लेकीला भेटायला गेला, तेव्हा सासूबाईंनी कपाटाची किल्ली काढून कमरेला खोचली.

अंगठी सापडली नाही. माफी कोणी मागितली नाही. वरून सुरुची मॅडमने नवा नियम काढला. काकांनी घरात येताना हात मागे बांधायचे आणि नुसतं डोळ्यांनी बघायचं.

वर्षभर तो सातशे तीनमध्ये हात मागे बांधून उभा राहिला आणि मनात डाव रचत राहिला.

मंगळवारी मॅडम जिमला गेलेल्या असताना त्याने बेल वाजवली. दार त्यांच्या सासूबाईंनी, मृणालिनीबाईंनी उघडलं.

“या हो. तुम्ही दिलेले मासे मजेत आहेत बरं का.”

“हो का? वा वा,” काशीनाथ म्हणाला. महिन्यापूर्वी बाल्कनीतल्या पिंपासाठी त्याने त्यांना पिशवीतून दोन गप्पी मासे आणून दिले होते. त्याचं आत्ता लक्ष माशांकडे नव्हतं. “आजी, घोटभर पाणी मिळेल?”

त्या स्वयंपाकघरात वळल्या. त्याने झोळीतून बाटली काढली, झाकण फिरवलं आणि तीसच्या तीस पाहुणे दाराजवळच्या घंगाळात कमळाच्या पानांखाली सोडून दिले. मग हात मागे बांधून उभा राहिला. एकदम शहाणा.

पुढचं सोपं होतं. शुक्रवारी साहेबाला घेऊन यायचं. श्रावणातला शुक्रवार, हॉल बायकांनी भरलेला असेल. टॉर्च मारायचा, “साहेब, हे बघा,” म्हणायचं. मग नोटीस, आणि दारावर कागद. ज्या बायकांनी त्याचे खिसे बघितले, त्याच बायका मॅडमच्या घरातली वळवळ बघतील. अळीला पंख फुटायच्या आत पाणी ओतून टाकू, सगळं बेतात.

शुक्रवारी चार वाजता तो नीरजसाहेबांना घेऊन वर गेला. हॉलमध्ये दुधाचा आणि भिजवलेल्या चण्यांचा वास होता. सातही घंगाळांत फुलं. मॅडम जरीच्या साडीत.

“आजच यायचं होतं का?” त्या म्हणाल्या. “बरं, बघा. हात मागे, काका.”

काशीनाथने हात मागे बांधले. टॉर्च साहेबांनी मारला. एकदा मारला, दोनदा मारला, पानं बाजूला करून मारला.

पाण्यात एक अळी नव्हती.

पानाखालून दोन गप्पी मासे बाहेर आले. पोटं टम्म फुगलेली. काशीनाथकडे बघत त्यांनी तोंडं उघडली, मिटली.

“अहो, हे तुमचेच मासे,” कोपऱ्यातून मृणालिनीबाई म्हणाल्या. “बाल्कनीत मला दिसायचे नाहीत, म्हणून इथे सोडले. माझी तेवढीच करमणूक.”

“काय शोधताय एवढं वाकून?” सुरुची मॅडम म्हणाल्या. “माझी अंगठी?”

बायका हसल्या. शेजारची हेतल तर तोंडावर रुमाल धरून हसली. साहेब टॉर्च बंद करून म्हणाले, “चला काशीनाथ, क्लिअर आहे.”

काशीनाथच्या कानशिलात आग झाली. सव्वीस वर्षांत पहिली लबाडी केली, तीही स्वतःच्याच माशांनी खाऊन टाकली होती. पण तसाच परत जाणारा तो नव्हता. काहीच नाही तर बाईची जरीची बाही तरी भिजवून जाऊ, असं त्याच्या मनात आलं.

“साहेब, क्लिअर कसं? भांडं घासलेलं नाहीये. काचेला हात लावून बघा, बुळबुळीत आहे. नियमाने रिकामं करून दाखवायला पाहिजे.”

साहेबांनी बोट फिरवलं. बोट हिरवं झालं. “मॅडम, हे तर करावं लागेल. नाहीतर मला नोटीस लिहावी लागेल.”

“करा मग. काका, घ्या काढायला.”

“मी? छे छे.” काशीनाथने मागचे हात आणखी घट्ट बांधले. “मी हात नाही लावणार. तुमच्याच घरचा नियम आहे ना.”

मॅडमचा चेहरा बदलला. पण दहा बायका बघत होत्या. “हेतल, शूट कर गं,” त्या म्हणाल्या. “सणाच्या दिवशी हे लोक घरी येऊन कसा त्रास देतात ते बघू दे सगळ्यांना. माझ्या चॅनलवर टाकते.”

“चालू छे,” हेतलने मोबाईल वर केला.

मासे वाटीत गेले. पाणी बादलीत गेलं. मॅडमने बाही सरकवून खडे मूठमूठ उचलून परातीत टाकायला सुरुवात केली. खळ्, खळ्. बाही भिजली. काशीनाथला बरं वाटलं. पाचवी मूठ, सहावी मूठ. सातव्या मुठीला परातीत जो आवाज झाला, तो काचेचा नव्हता.

हिरव्या खड्यांत एक हिरवा खडा सोन्यात बसवलेला होता.

खडे रचताना ओल्या बोटातून घसरलेली अंगठी वर्षभर तिथेच पडून होती. एकदा, फक्त एकदा भांडं रिकामं करून घासलं असतं तर आठवड्यात सापडली असती.

“अगंबाई, मिळाली!” मॅडम हसल्या. एकट्याच. “बघा ना, लक्ष्मी कशी शुक्रवारीच परत आली. काका, दूध घ्या ना तुम्ही.”

“हेतलबेन, चालू आहे ना?” काशीनाथने विचारलं.

“चालू छे,” हेतल म्हणाली. आता तिच्या तोंडावर रुमाल नव्हता.

“मग मॅडम, दूध राहू दे. मोबाईलकडे बघून सांगा, अंगठी कुठे होती.”

“काका, प्लीज. सगळ्यांसमोर कशाला…”

“सगळ्यांसमोरच होतं की गेल्या वर्षी.”

मॅडमने साहेबांकडे बघितलं. साहेब नोंदवहीत काहीतरी महत्त्वाचं वाचत होते. “सॉरी,” त्या पुटपुटल्या.

“मराठीत सांगा. आणि जरा मोठ्याने. माझ्या लेकीच्या सासूला कमी ऐकू येतं.”

एक बाई फस्सकन हसली. मॅडमची मान लाल झाली. मग परातीकडे बघत, भिजलेली बाही टपकत असताना, त्या म्हणाल्या, “अंगठी माझ्याच घरात होती. काशीनाथकाकांनी घेतली नव्हती. माझी चूक झाली.”

“पाठव गं ग्रुपवर,” मागून कोणीतरी म्हणालं. हेतलचा अंगठा आधीच फिरत होता.

साहेब लिफ्टकडे गेले. काशीनाथ दारामागच्या भिंतीवर खडूने तारीख टाकत होता, तेव्हा मृणालिनीबाई जवळ आल्या. आवाज अगदी खाली.

“मंगळवारी बाटलीतून काय ओतलंत हो?”

खडू मोडला.

“काचेचं घर आहे हे. स्वयंपाकघरातून सगळं दिसतं,” त्या म्हणाल्या. “मासे दोन दिवस माझ्या हातचं खाईनात.”

काशीनाथ वाकून खडूचे तुकडे वेचू लागला.

“असू दे,” म्हातारी म्हणाली. “गेल्या वर्षी तुमचे खिसे बघत होते, तेव्हा मीही इथेच बसले होते. एक शब्द बोलले नाही.” तिने त्याची ओंजळ धरली आणि भिजवलेले चणे त्यात ओतले. “घरी न्या. तुमच्या बायकोला द्या.”

तो खाली आला. ओंजळ भरलेली. झोळीत टाकावेत तर तिथे ती रिकामी बाटली, अजून गटाराचा वास मारणारी. त्याने खांद्यावरची झोळी उघडली नाही. गेटवर तोच वॉचमन होता. त्याच्या मोबाईलवर व्हिडिओ आला असावा, कारण तो खुर्चीवरून उठून उभा राहिला.

“काका, वो उस टाइम… मेरा भी ड्यूटी था।”

“मालूम है। ब्लेड है क्या तेरे पास?”

वॉचमनने ड्रॉवरमधून ब्लेड काढलं. काशीनाथने चणे त्याच्या टेबलावर, रजिस्टरच्या पानावर ठेवले, खुर्चीत बसला आणि डाव्या खिशाचे टाके एकेक करून कापले. आनंदीने दोरा दुहेरी घेतला होता, वेळ लागला. मग उजवा. चणे दोन्ही खिशांत वाटून टाकले. रजिस्टरच्या पानावर ओला डाग राहिला, काशीनाथच्या नावाच्या बरोबर खाली.

वाटेत बाटली कचऱ्याच्या डब्यात गेली. हाटकेशपासून पेणकरपाड्यापर्यंत तो चालतच आला, रिक्षा न करता, दोन्ही हात खिशांत घालून.