उपासाचं काळीज

“वाढलीय,” डॉक्टर म्हणाल्या आणि संगणकाचा पडदा त्यांनी तुळशीकडे वळवला.

“काय वाढलंय?”

“तुमच्या यकृतातली चरबी. मागच्या वेळेपेक्षा जास्त.”

तुळशीनं बाजूला पाहिलं. शेजारी तिचा नवरा दत्तात्रेय बसला होता, हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळा. गावोगावचे पंप दुरुस्त करणारा माणूस. दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही, तरी जुन्या काविळीनं त्याचं यकृत पार निकामी केलं होतं. घरात जुळलं ते एकट्या तुळशीचं. तिच्यातला तुकडा काढून त्याला लावायचा, पण आधी चरबी उतरवायची, असं डॉक्टरांनी मागच्या खेपेला बजावलं होतं.

“किती काढायचं, तुमच्यात किती ठेवायचं, पुढं दोघांचं कसं होईल, याचा आधी अंदाज बांधतो आम्ही,” डॉक्टर म्हणाल्या. “आजचा अंदाज चांगला नाही. आणि यांना फार थांबता येणार नाही.”

“पन बाई, मी तर उपास वाढवलं!” तुळशी रडकुंडीला आली. “सोमवार, गुरवार, चतुर्थी, एकादशी व्हतीच. ह्यांच्यासाठी मंगळवार नि शनवार बी धरले. जेवायचा दिस शोधाया लागतो!”

“उपासाला काय खाता?”

“काय न्हाय वो. जरा साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट घालून. बटाट्याचा कीस. रताळी गुळात. देवाचं म्हनून तुपाला हात आखडत न्हाय, येवढंच.”

मग बाजूच्या खुर्चीतून बारीक, किरकिरा आवाज आला. कित्येक महिन्यांत न हसलेला दत्तात्रेय पोट धरून हसत होता.

“एकादशी नि दुप्पट खाशी! डॉक्टरबाई, मला द्यायचं काळीज ही आधी तुपात तळून घेतेय!”

डॉक्टरांनाही हसू आवरेना. तुळशीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“उपास सोडू नका,” डॉक्टर मायेनं म्हणाल्या. “उपासाचं खाणं सोडा.”

इस्पितळातून मांडव्याच्या बोटीनं दोघं गावी परतली. घरी आल्यावर तिनं देवापाशी निरांजन लावलं आणि हात जोडले. ‘देवा, उपास तुझाच होता. खिचडी माझी होती.’ मग पळीभर पाणी सोडून तिनं नवा संकल्प केला: साबुदाणा, बटाटा, तूप बंद. उपासाला ताक नि काकडी, एरवी नाचणीची भाकरी नि पालेभाजी.

चालायलाही सांगितलं होतं. शेजारची शहरबानू पहाटेच दारात उभी राही.

“ऊठ गो तुळशे! दत्तूभाव वाट बघतोय.”

“तुला कुनी सांगितलं गो, खिचडीचं?”

“भावानंच. आख्ख्या आळीला सांगून बसलाय.” शहरबानू खुदखुदली. “लाजतेस काय? आमच्या रोज्यात पन तेच. दिवसभर अल्लाचं, सांजच्या मगरीबनंतर समोशांचं!”

रिकामं चालणं तुळशीला जमेना. म्हणून ओल्या वाळूवर पावलागणिक ती नाम घेई. शहरबानूची जपाची तसबी ओढणीआड फिरे. समुद्र दोघींचं ऐकून घेई.

पुढच्या तपासणीला डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. तुळशीनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

“उतरली,” त्या म्हणाल्या. “आता अंदाज चांगला आहे. तुमचाही, त्यांचाही.”

तुळशीनं आधी देवाला नमस्कार केला, मग संगणकाला.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दोघांची अर्धी अर्धी यकृतं वाढून भरत येतील, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तसं होतही गेलं. दत्तात्रेयाच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला. पंपांचा पाना पुन्हा हातात आला.

मासे खायला डॉक्टरांनी मोकळीक दिली, तेव्हा शहरबानूनं तळलेली सुरमई धाडली. तुळशीचा सोमवार होता. दत्तात्रेयानं मात्र जन्मात कधी सोमवार पाळला नव्हता. तिनं ताट वाढून त्याच्यापुढं ठेवलं आणि आपलं ताकाचं भांडं घेऊन समोर बसली.

त्यानं तुकडा उचलला, हुंगला आणि परत ठेवला. वर ताटली झाकली.

“का वो? बरं वाटत न्हाय काय?”

“झ्याक वाटतंय. पन आज सोमवार नव्हं?” त्यानं बरगडीखाली हात ठेवला. “ह्याचा उपास असंल. उद्या खाईन.”

तुळशी उठली, फळीवरून दुसरं भांडं काढलं आणि आपल्यातलं निम्मं ताक त्यात ओतलं.