थोड्याच वेळात

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. उपनगरी रेल्वेच्या एका लहानशा स्थानकात, फलाटाच्या छताला मी टांगलेला आहे. कारखान्यात मला घडवलं, तेव्हा तिथल्या कारागिराने माझ्यातून ‘एक, दोन, तीन’ म्हणून पाहिलं. आवाज खणखणीत निघाला, तो खूश झाला. मीही झालो.

जिन्यावरच्या खोलीत निवेदिका बसायची. सगळे तिला ताई म्हणत. ती बोले, आणि मी ते फलाटभर पोहोचवी. सुरुवातीला लोक माझ्या भरवशावर निवांत बसत. पुढे रूळ जुने झाले, सिग्नल रोज बिघडू लागले. गाड्यांना उशीर होऊ लागला आणि माझ्या तोंडी एकच वाक्य आलं, “गाडी थोड्याच वेळात येत आहे.” माणसं उठत, रुळांवर वाकून बघत, पुन्हा बसत. ती चुळबुळ बघून मलाही टांगल्या जागी चैन पडत नसे. रोजचा एक सुतार म्हणायचा, “याचं थोडं म्हणजे किती थोडं, ते यालाच ठाऊक.” शाळकरी पोरं तर घरी आईने हाक मारली की म्हणत, “थोड्याच वेळात येत आहे.”

यामागे एक गोम होती. गाडी रद्द झाली, तर प्रवाशांना तिकिटाचे पैसे आणि वर भरपाई द्यावी लागे. नुसता उशीर झाला, तर काहीच नाही. म्हणून वरून हुकूम होता की, रद्द हा शब्द होता होईल तो उच्चारायचा नाही.

एके दिवशी सकाळी एक बाई आपल्या सासऱ्यांचा हात धरून माझ्याखाली येऊन बसली. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. पण दृष्टी गेली आणि दुकान बंद पडलं. बाई फोनवर नवऱ्याला सांगत होती, “दवाखान्यातून फोन आला. कुणाच्या तरी नेत्रदानातून बुबुळ मिळालंय. दुपारच्या आत पोहोचा म्हणाले, नाहीतर दुसऱ्याला बोलावतील.”

मी म्हणालो, “गाडी थोड्याच वेळात येत आहे.”

थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा. सासऱ्यांची काठी फरशीवर टकटक करू लागली.

“सूनबाई, या ताईचा आवाज आज अडखळतोय,” ते म्हणाले. “वर जाऊन विचारून ये.”

“तुम्हाला एकटं सोडून कशी जाऊ, मामंजी?”

“मी कुठे पळून जातोय? जा तू.”

ती जिना चढून गेली. आणि मित्रांनो, इतक्यात माझ्यातून दोन आवाज येऊ लागले. वरच्या खोलीतलं माइकचं बटण चालू होतं.

“ताई, खरं सांगा. गाडी येणार आहे का?”

माझ्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“नाही हो,” ताई म्हणाली. “मघाशीच रद्द झाली. पुढचीही नाही. मला ‘थोड्याच वेळात’ म्हणत राहायला सांगितलंय. तुम्ही रस्त्याने निघा.”

सगळा फलाट उभा राहिला. सुताराने घड्याळजींचा हात धरला. “चला बाबा, बाहेर माझ्या भावाचा टेम्पो आहे.” सूनबाई धापा टाकत खाली येईपर्यंत ते फाटकाजवळ पोहोचलेही होते.

वर स्टेशन मास्तरांचा आवाज आला. “हे काय केलंत? बटण बंद करायला काय झालं होतं?”

“राहिलं चालू,” ताई म्हणाली. मग तिने घसा साफ केला आणि सरळ माझ्यातून बोलली, “प्रवाशांनो, गाडी रद्द झाली आहे. तिकीट खिडकीवर तुमचे पैसे आणि भरपाई मागून घ्या.”

बटण राहिलं की तिने ठेवलं, हे मला कधीच कळलं नाही.

ताईची बदली तिकीट खिडकीवर झाली. काही महिन्यांनी घड्याळजी आले, काठीशिवाय. त्यांनी मान वर करून मला पाहिलं. “एवढासाच आहे होय हा,” ते सुनेला म्हणाले. मग खिडकीशी गेले. ताई म्हणाली, “बाबा, त्या दिवसाच्या भरपाईची मुदत संपली हो.”

“भरपाई कोण मागतंय?” ते म्हणाले. “तुम्हाला बघायचं होतं.”

ताईने चेहरा खिडकीशी आणला. मागच्या रांगेने घाई केली नाही.

आता माझ्यातून ध्वनिमुद्रित आवाज येतो. तो कधी अडखळत नाही. गाडी येवो न येवो, तो गोडच बोलतो. माझ्या कडा गंजल्यात, एक तार लोंबते, पुसायला कुणी येत नाही. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण खाली कुणी रुळांवर वाकून बघू लागलं, की आजही माझा पत्रा थरथरतो.

मित्रांनो, कुणी तुमची वाट बघत असेल आणि तुमचं येणं होणार नसेल, तर ‘आलोच’ म्हणू नका. नाही म्हणा. नाही ऐकलेला माणूस रागावतो, पण निदान दुसऱ्या वाटेने चालायला तरी लागतो.