बाहेर ओळख द्यायची नाही

ताकुमानं चोरी केली होती. न्यायाधीशांनी तुरुंगाऐवजी त्याला किनुयोबाईंच्या देखरेखीखाली गावातच राहायला सांगितलं. महिन्यातून दोनदा त्यानं त्यांच्या घरी यायचं, चहा घ्यायचा, मनातलं बोलायचं. नवरा गेल्यापासून किनुयोबाई हे बिनपगारी काम देवपूजेसारखं करत आल्या होत्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "बाहेर भेटलो तर मी ओळख देणार नाही हं. माझ्या ओळखीचा म्हणजे गुन्हा करून आलेला, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं."

"बरंच की, बाई. इतका कडू चहा मी मुकाट पितो, हेही कुणाला कळायला नको."

हिवाळ्यात देवळात कीर्तनासारखं गाऊन सांगायचं प्रवचन होतं. त्यांनीच त्याला यायला सांगितलं. भिक्षूंनी अमिदा बुद्धाचं वचन आळवलं, एकालाही मागे ठेवणार नाही म्हणून, तेव्हा मागे बसलेल्या ताकुमानं बाहीनं डोळे पुसले. किनुयोबाईंचा ऊर भरून आला.

मंडळी उठली आणि गलका झाला. उदबत्तीचं पितळी पात्र जागेवर नव्हतं. देवळाचे कारभारी मोरिसावातात्या थेट ताकुमापुढे आले.

"तू रे कुणाबरोबर आलास?"

"एकटाच."

"अस्सं. भक्ती उतू चाललीय म्हणायची. अहो, ओळखतं का कुणी याला?"

ताकुमानं एकदाच किनुयोबाईंकडे पाहिलं.

हो म्हणावं, तर त्या एका शब्दानं सगळ्या गावाला त्याचा गुन्हा कळणार. न बोलावं, तर पोर असं उघड्यावर उभं. त्यांनी मान खाली घातली. ताकुमानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले आणि तो बर्फातून चालता झाला.

पात्र स्वयंपाकघरात निघालं. कुणीतरी राख काढायला नेलं होतं.

"तरी चेहरा काही धड नव्हता त्याचा," तात्या म्हणाले.

भेटीच्या दिवशी चहा गार झाला. ताकुमा आला नाही, देखरेखीच्या कचेरीतून फोन आला. न सांगता गाव सोडलं म्हणून त्याला ओसाकात धरलं होतं.

"अट मोडली त्यानं. आता आत जावंच लागेल," फोनवरचे साहेब म्हणाले.

"चूक माझी आहे, साहेब."

"तुमची कसली? तुम्ही तर नियमानंच वागलात."

किनुयोबाई देवघरापुढे बसल्या, हात जोडले. जन्मभर आपसूक ओठांवर येणारं बुद्धाचं नाव काही केल्या येईना.