मागचे पाय नसलेली खुर्ची

माझा धाकटा भाऊ चुडामण धुळ्यात दवाखान्यांच्या खाटांसाठी पाइप वाकवायचा. सदुसष्ट साली त्याच्या डोक्यात शिरलं, की पाइपात वाळू ठासून तो एकसंध वळवला तर मागच्या पायांशिवाय खुर्ची उभी राहते. झालं! नोकरी सोडली, घरामागे पत्र्याची शेड टाकली आणि लागला खुर्च्या करायला. चकचकीत पाइप, बसायला-टेकायला जाड तपकिरी चामडं. मी चोपड्याहून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले, ती पिशवी हातात धरूनच बघत राहिले.

पण बसणार कोण? ज्याचा त्याचा एकच प्रश्न, "भाऊ, येना मांगला पाय कोठे गयात?"

अखेर कापडवाल्या रिखबचंद शेठनी नव्या दुकानासाठी डझनभर सांगितल्या. सहा तयार होत्या. त्या बघायला शेठ नेमके आखाजीच्या दिवशी येणार होते. पसंत पडल्या तर ठीक, नाहीतर चुडामण पुन्हा खाटांकडे. त्याच्या बायकोनं तसं बजावलंच होतं. मला फार वाईट वाटलं, पण चार दिवस माहेरी आलेल्या बाईनं भावजयीच्या संसारात नाक खुपसू नये.

शेठ टांग्यातून उतरले, सोबत त्यांची म्हातारी आई धापूबाई. शेठनी खुर्चीवर हात फिरवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"चमडा?"

"अस्सल म्हशीनं शे, शेठ!" चुडामण छाती फुगवून म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. जैनाच्या पेढीत म्हशीचं कातडं! जन्म धुळ्यात गेला, तरी हे या बहाद्दराला सुचलं नाही. त्याला फक्त पाइपाचं वळण दिसत होतं. शेठ हात धुवायला पाणी मागू लागले. चुडामणचा चेहरा तर बघवेना.

त्यात आम्हा माहेरवाशिणींचं वेगळंच रडगाणं. वादळात गल्लीतल्या निंबाची झोका बांधायची फांदी मोडली होती, म्हणजे आखाजी आणि झोका नाही! सात-आठ जणी ओट्यावर फुरंगटून बसलेल्या. मला शेठचा राग, निंबाचा राग, भावाचा तर सगळ्यात जास्त. तणतणत गेले आणि धपकन एका खुर्चीत बसले. मी काही चवळीची शेंग नव्हे. खुर्ची दबली, मला घेऊन वर आली, पुन्हा दबली.

"माय वं! हाऊ ते झोका शे!"

मग काय, बठ्ठ्या जणी धावल्या. सहा खुर्च्या, आठ बायका. आखाजीची गाणी सुरू, कुणाचा पदर कुठे, शेजारच्या लताबाईची चप्पल थेट शेडच्या पत्र्यावर. शेठ तोंड फिरवून उभे. भावजयही ओल्या हातांनी माझ्या मांडीवर येऊन बसली.

धापूबाई काठी टेकत पुढे आल्या. "यो तो हींडो है," त्या म्हणाल्या. मारवाडात माहेरी तीजेच्या सणाला त्यांच्यासाठी हींडो बांधायचे, म्हणजे झोकाच. चौदाव्या वर्षी लग्न होऊन इकडे आल्या, ते सुख तिथेच राहिलं. "चुडामण, चमडा काढ. नवार लाव."

चुडामण अडून बसला. चामड्याशिवाय खुर्चीचं रूपच जाईल म्हणे. म्हातारी काठी रोवून तिथेच उभी राहिली. शेवटी यानंच रापी घेतली, ओठ चावत एका खुर्चीची शिवण उसवली. मी बाजेची सुती नवार सोडून आणली, त्यानं ती ताणून बांधली.

धापूबाई बसल्या. आधी जपून, मग जोरात. बोळकं पसरून असं हसल्या, की आम्ही गाणं विसरलो.

"मां, धीरे!" शेठ ओरडले.

"तू दुकान जा रे!"

शेठनाही हसू फुटलं. "बाराही नवारीच्या कर," ते म्हणाले.

"अब तू बैठ," धापूबाई चुडामणला म्हणाल्या. तो मागे सरला. विकायच्या वस्तूवर कारागिरानं बसू नये, ही आमच्या वडिलांची शिकवण. ज्वारीची पोती टाकून यानं खुर्च्या पारखल्या, पण स्वतः एकदाही बसला नव्हता!

मला भरून आलं. त्याचं मनगट धरलं आणि चामड्याच्या एका खुर्चीपाशी नेलं.

"हाई इकानी नही. हाई तुनी शे. बस!"

तो अंग चोरून बसला. खुर्चीनं त्याला खाली नेलं, वर आणलं.

"अक्का," तो म्हणाला, "हाई ते खरंच चांगली शे वं." आणि हसता हसता रडायला लागला.