विकायचं कपाट

सुनेनं खुर्चीवर चढून कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा उघडला आणि आत हात घालायच्या आधी दोन्ही हात स्वच्छ पुसले. हे आपण का केलं, ते तिचं तिलाच कळेना. आत तर नको असलेलेच कपडे होते.

सासूबाईंनी उभा जन्म लोकांचे कपडे उसवून, आवळून, सैल करून दिले होते. घरातले नकोसे झालेले कपडे मात्र त्या अशा सांभाळत की, हव्या असलेल्या कपड्यांना हेवा वाटावा. धुऊन, उलटे करून उन्हात वाळवून, खिसे झटकून, सैल बटणं घट्ट करून मगच ते विकायच्या कपाटात जायचे. प्रत्येकावर टाचणीनं लावलेली चिठ्ठी. तिच्यावर माप आणि खाली खरंखुरं उणं: ‘डावं कोपर विरलंय. रफू केलं आहे.’ महिन्यातून एकदा सगळ्या घड्या उलगडून नव्या रेषेवर घालायच्या, नाहीतर कापड घडीवरच तुटतं. जुन्या कपड्यांची दुकानवाली वर्षातून एकदा यायची आणि काही न तपासता सगळं उचलून न्यायची.

तीन आठवड्यांपूर्वी सासूबाईंचं उजवं मनगट मोडलं. काल प्लास्टरकडे बघत त्या म्हणाल्या,

“आता माझ्याच्यानं घड्या व्हायच्या नाहीत. बोलव तिला. सगळं काढून टाक. वरचा कप्पासुद्धा.”

वरचा कप्पा धाकट्या दिराचा होता. नऊ वर्षांपूर्वी तो रागाच्या भरात बोलून गेला होता की, लोकांच्या जुन्या कपड्यांच्या वासात मला जन्म काढायचा नाही. त्यावर, मग तुझेही विकून टाकते, असं त्या बोलून गेल्या. दोघंही हट्टाला पेटलेली. तो एक बॅग घेऊन गेला तो गेलाच. त्याचा विषय निघाला की सासूबाईंना नेमकं स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचं. दुकानवाली दर वर्षी त्या कप्प्याकडे बोट दाखवायची आणि उत्तर ठरलेलं असायचं, ते अजून तयार नाहीत.

सुनेनं गठ्ठा खाली उतरवला. पलीकडे पलंगावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. तिनं वरची निळी पँट उलगडली. नऊ वर्षांचं कापड, पण घडीची एकसुद्धा पांढरी रेष त्यावर नव्हती. मग तिनं चिठ्ठी वाचली. ‘कंबर तीस’ असं लिहून खोडलं होतं. त्याखाली एकतीस, तेही खोडलेलं. मग बत्तीस. मग तेहेतीस. सगळ्यात शेवटी चौतीस, आणि ते तसंच ठेवलेलं.

तिनं पँट उलटी केली. मागच्या शिलाईतलं जादा कापड दर वेळी थोडं थोडं सोडलं होतं. जुन्या टाक्यांची भोकं सुईच्या टोकानं घासून बुजवली होती. जिथे आतलं कापड संपलं, तिथे त्याच निळ्या रंगाची पट्टी अशी बसवली होती की जोड बोटाला लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता. दुसरी पँट तशीच. तिसरी तशीच. शर्टांच्या बाजूच्या शिलाया तशाच सोडलेल्या.

सून खुर्चीवर बसली. अकरा वर्षं ती या घरात होती आणि हे काम केव्हा होतं, याचा तिला पत्ताही नव्हता. समोर नसलेल्या माणसाचं अंग ही बाई नऊ वर्षं मनानं मापत आली होती. तिला भीती वाटावी इतकं नवल वाटलं.

“झालं का गं? बाकीचं बांधलं मी,” दुकानवालीनं बाहेरच्या खोलीतून विचारलं.

“आलेच,” ती म्हणाली आणि तिनं फोन उचलला. दिराचा नंबर तिच्याकडे होता. पुतणीच्या वाढदिवसाला तो तेवढा फोन करायचा.

“वहिनी? आज कशी काय आठवण? आई बरी आहे ना?”

“बऱ्या आहेत.” तिनं आवाज खाली आणला. “भाऊजी, तुमची कंबर किती हो आता?”

 पलीकडे तो हसला.

“काय हे वहिनी. पोट सुटलंय जरा. चौतीस. का?”

 मांडीवरच्या चिठ्ठीवरून तिनं अंगठा फिरवला.

“रविवारी या. घालून बघायचंय.”

“काय घालून बघायचंय?”

“या तर खरं.”

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. 

“किती वाजता येऊ?” त्यानं विचारलं.

तिनं बाहेर जाऊन दुकानवालीला सांगितलं की, आज एवढंच न्या. दुकानवाली गठ्ठे घेऊन गेली. सून आत येऊन निळ्या पँटची घडी घालू लागली. पहिल्या खेपेला ती तिरकी आली, म्हणून तिनं पुन्हा उलगडली.

“किती म्हणाला?”

सासूबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं नव्हतं.

“चौतीस.”

 प्लास्टरबाहेरची बोटं पांघरुणाची कड सारखी करत होती.

“कॉलरही विचारायची होतीस,” त्या म्हणाल्या. “तिचा तेवढा अंदाज येत नाही मला.”