आखूड वाक्यांचा फळा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. निदान माझ्या अंगावरचा काळा रंग अजून तसं सांगतो. फळा होण्याआधी मी दार होतो आणि आता उतारवयात पुन्हा दारच झालो आहे. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण असं माणसं म्हणतात. माझं ते दुसरं बालपण काही सुखाचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म सरहद्दीवरच्या मोई नदीपलीकडच्या डोंगरातला, करेन लोकांच्या एका वाडीतला. तिथली घरं बांबूची, छपरं पानांची. पण नॉ मू गे नावाच्या नव्या नवरीने हट्ट धरला, की माझ्या घराला दार सागाचंच हवं. नवऱ्याने बिचाऱ्याने पावसाळाभर खपून मला बनवलं. वाडी हसली. "घर उडालं तरी दार राहील हो हिचं!" म्हणाली. थट्टेत बोललेलं खरं ठरलं. एके दिवशी सैनिक आले आणि वाडी पेटली. घर गेलं, नवरा गेला, दार तेवढं राहिलं.

मू गे तेव्हा ओली बाळंतीण होती आणि अंगात ताप फणफणत होता. तिच्या धाकट्या बहिणीने, हसेर वाने, शेजाऱ्यांना हाताशी धरून मला चौकटीतून उपटलं. बहिणीला माझ्यावर निजवलं, तिचं बाळ आपल्या पाठीशी बांधलं आणि सगळे जंगलातून नदीकडे निघाले. मू गेच्या अंगाची धग माझ्या लाकडात उतरत होती. नदी ओलांडता ओलांडता ती धग निवली. अलीकडच्या काठावर तिला पुरलं. मग कुणीतरी मला धुऊन उन्हात उभं केलं आणि मी वाळलो. लाकडाला वाळायला वेळ लागत नाही.

नदीच्या या बाजूला छावणी होती. छावणी म्हणजे डोंगराच्या उतारावर दाटीवाटीने बांधलेल्या झोपड्या आणि भोवती काटेरी तारेचं कुंपण. तिथे पोहोचल्यावर आमच्या वाडीतल्या सर्वांत वयस्क बाईने बाळाला मांडीवर घेतलं. तिला सगळेच पी म्हणत, म्हणजे आजी. आमच्या वाडीची एक रीत होती. आई मेली की लेकराचा जीव तिच्यामागे भटकायला लागतो. त्याला हाक मारून परत बोलवायचं, मनगटाला पांढरा दोरा बांधायचा आणि सांगायचं, बाळा, तुझी आई ती नव्हे, तुझी आई ही. त्यानंतर मेलेलीचं नाव त्या लेकरासमोर कुणी काढायचं नाही. काढलं तर जीव पुन्हा निघून जातो. पीने दोरा बांधला आणि बाळ हसेर वाच्या ओटीत घातलं. हसेर वाचं लग्न झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. पेजेवर आणि केळ्यावर तिने ती पोर जगवली. तिचं नाव से पॉ. अख्ख्या छावणीला ठाऊक असलेली गोष्ट अख्ख्या छावणीने गिळून टाकली, आणि खरं सांगतो, मीही ती विसरल्यासारखाच होतो.

मला फळा केलं ते थरा लर थू यांनी. थरा म्हणजे गुरुजी. कोळशाची पूड, जुन्या बॅटऱ्यांमधलं काळं आणि कसल्याशा पानांचा चिकट रस असं वाटून त्यांनी माझ्यावर हाताने लेप दिला. कडीच्या जागी भोक होतं ते बुजवलं. मला बांबूच्या भिंतीवर टांगलं आणि पहिल्याच दिवशी लिहिलं: आय, यू, ही, शी.

इंग्रजीचा तो वर्ग मोठ्यांसाठी होता. दूरदेशीची काही सरकारं छावणीतली माणसं आपल्याकडे कायमची राहायला नेत. मुलाखत घेत, तपासण्या करत आणि मग विमानाने नेत. कुंपणात शेती करायची नाही, नोकरी करायची नाही, बाहेर पाऊल टाकायचं नाही. जन्मलेल्या मुलाला देश नाही. मग माणूस दुसरं काय करणार? संध्याकाळच्या आत भात आणि बांबूच्या कोंबांची आमटी उरकून माणसं माझ्यासमोर येऊन बसत. हसेर वा सर्वांत पुढे बसे आणि से पॉ तिला टेकून. हसेर वाला एकच ध्यास होता, या पोरीला इथून घेऊन जायचं. तशी ती बोलायची नाही फारसं, पण हे मात्र येता-जाता बोलायची.

पी दात नसूनही वर्गात यायची, सुपारी चघळत. तिने पहिल्याच दिवशी भांडण काढलं.

"हे 'यू' कुणाला म्हणायचं?"

"समोरच्याला, पी."

"समोर पोर असलं तर?"

"यू."

"कुत्रा असला तर?"

"त्यालाही यूच."

"आणि थरा, तुम्ही असलात तर?"

थरा चाचरले. "मलाही... यूच म्हणायचं."

"शी! माझ्या जिभेला किडे पडतील. थराला थरा म्हणायचं, आजीला पी, आईला मो. कुत्रा नि आई एका दोरीने बांधणारी ही कसली भाषा? या लोकांना आया आहेत की नाहीत?"

वर्ग पोट धरून हसला. सर्वांत जोरात से पॉ हसली. पुढे कितीतरी दिवस ती वाटेत दिसेल त्या कोंबडीला "यू, यू" म्हणून हाका मारत सुटायची, आणि हसेर वा दटवायची, "कोंबडीला म्हण हवं तर. मला म्हटलंस तर थोबाड रंगवीन!"

क्रियापदांनी तर सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आणला. आमच्या करेन भाषेत क्रियापद रूप बदलत नाही. पी म्हणायची, "काल म्हटलं की झालं ना? मग पुन्हा 'गो'चं 'वेन्ट' कशाला? माणसाला काल समजत नाही का?" थरा चिडले की बांबूची छडी माझ्यावर हाणत. अ‍ॅम, इज, आर. ठक, ठक, ठक. त्या छडीच्या खुणा अजून आहेत माझ्या अंगावर. पण मी सुखी होतो, मित्रांनो. लोक म्हणत, छावणीत फळा असावा तर थरा लर थूंचा. या फळ्यावर शिकलेला मुलाखतीत पडत नाही.

थरांचं एक ब्रीद होतं. "साहेबासमोर आखूड बोला. लांब वाक्यात पाय अडकतो. आखूड वाक्य कधी चुकत नाही." एकदा त्यांनी नात्यांचे शब्द लिहिले. मदर, फादर, डॉटर, सन. शेवटी एक शब्द लिहिला, त्याचा अर्थ बहिणीची किंवा भावाची मुलगी, असं सांगितलं. वर्ग गोंधळला. मागून कुणीतरी म्हणालं, "बहिणीची मुलगी ती मुलगीच की! तिला वेगळा शब्द कशाला?" थरांनाही पटलं. "हा सोडा. याचं आपल्याला काम नाही," असं म्हणून त्यांनी तो फडक्याने पुसला. मग हसेर वाला उभं केलं. तिने से पॉच्या डोक्यावर हात ठेवला आणि घोकलं, "शी इज माय डॉटर." पुन्हा एकदा. आणखी एकदा. थरांनी ते वाक्य माझ्या मधोमध मोठ्या अक्षरात लिहिलं. जिथे एकदा मू गेची पाठ टेकली होती, नेमकं तिथे. मला फळ्याला कुठली वाचा!

मुलाखतीहून हसेर वा आली ती नाचतच. वर्गासाठी तिने सुपारी आणली होती.

"दुभाषी बाई बसली होती शेजारी. तिला म्हटलं, बाई, तू गप्प बस, मी बोलते! साहेबाने विचारलं, ही तुझी मुलगी? मी म्हटलं, येस सर, शी इज माय डॉटर. तो म्हणाला, तुझ्याच पोटची? तेवढं दुभाषीने सांगितलं मला. मी म्हटलं, येस सर. बाप? ही इज डेड सर. साहेब हसला हो माझ्याकडे बघून!"

"आखूड बोललीस ना?" थरांनी विचारलं.

"इतकं आखूड, थरा, की साहेबाला लिहायला काही उरलंच नाही!"

टाळ्या पडल्या. पी मात्र टाळ्या वाजवता वाजवता मध्येच थांबली. "पोटची का, असं विचारलं त्याने?"

"विचारलं. मग काय सांगायचं होतं? शेजारी पोर बसली होती माझी. ऐकत होती."

पीने मान हलवली. "बरोबर आहे. दुसरं काय सांगणार?"

निघताना दोघींच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतली होती, हेही हसेर वाने सांगितलं. दात तपासले असतील, असं सगळ्यांनी ठरवलं.

पाऊस संपून थंडी पडली, तेव्हा छावणीच्या भोंग्यावर तिचं नाव पुकारलं गेलं. माय-लेकी नवे लुंगी-झगे घालून गेल्या. परत आल्या तेव्हा वर्ग चालू होता. हसेर वा दारातच उभी राहिली. पोर तिच्यापासून चार हात दूर. हसेर वाचा आवाज चढलेला होता.

"थरा, मी काही चुकले नाही. तुम्ही लिहिलं तसंच बोलले."

"काय झालं?"

"साहेब म्हणाला, ही तुझी मुलगी नाही. गालातल्या त्या काडीवरून कळलं, आई-लेकीचं रक्त जुळत नाही. म्हणाला, दुसऱ्याचं मूल पळवून आपलं म्हणून आणलंस. मी म्हटलं, शी इज माय डॉटर. तो म्हणाला, नो. मी पुन्हा म्हटलं. मग त्याने कागद मिटले. आता कधीच बोलावणार नाहीत. दोघींनाही नाही."

मग तिनेच सांगितलं, दुभाषी बाई बाहेरपर्यंत सोडायला आली, तेव्हा तिच्या कानात खरं काय ते सांगितलं आणि ती रडली. म्हणाली, बहिणीची मुलगी आहे, एवढं बोलली असतीस तर तेव्हाच काम झालं असतं. बहिणीची पोर सांभाळणाऱ्यांना नेतात गं ते.

"मग बोलायचं ना बाई!" थरा ओरडले. त्यांच्या हातातला खडू खाली पडला.

"कशी बोलू?" हसेर वाने पीकडे बोट केलं. "या म्हातारीने दोरा बांधला. ही म्हणाली, तिचं नाव काढलंस तर पोरीचा जीव जाईल. आणि तुम्ही म्हणालात आखूड बोला. मी दोघांचंही ऐकलं!"

पी मटकन खाली बसली. से पॉ एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून गिळलेली गोष्ट तिला एका परक्या साहेबाच्या तोंडून कळली होती, आणि इथल्या प्रत्येकाचं तोंड सांगत होतं, की हे फक्त तिलाच माहीत नव्हतं. "कोण होती ती?" तिने विचारलं. अखेर पीनेच तिला माझ्यापाशी आणलं आणि तिचा हात माझ्यावर ठेवला. "याच्यावर झोपवून आणली होती तिला. हे दार तिचं." से पॉने हात झटक्याने मागे घेतला.

त्या दिवसानंतर वर्ग मोडत गेला. थरा यायचे, बसायचे, छडी उचलायचे नाहीत. "आखूड वाक्य चुकत नाही," असं एकदा स्वतःशीच म्हणाले आणि विचित्र हसले. नवी माणसं दुसऱ्या गुरुजींकडे जाऊ लागली. छप्पर गळू लागलं आणि माझ्या अंगावरची अक्षरं ओघळून सगळी एकमेकांत मिसळली. कुणी पुसायलाही आलं नाही. मग एका सकाळी हसेर वा आली. "थरा, ते दार आमचं आहे. मला द्या." थरांनी स्वतः मला खाली उतरवलं आणि तिच्या झोपडीपर्यंत वाहून आणलं.

आता मी त्यांच्या झोपडीचं दार आहे, आणि आतलं सगळं मला ऐकू येतं. ऐकू येण्यासारखं फारसं काही नसतंच. से पॉच्या मनगटावरचा दोरा कधीच गेला. तिने "मो" म्हणणं सोडलं. मावशी म्हणावं, तर तेही तोंडातून येत नाही. आमच्या लोकांत हाक मारल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही, म्हणून ती कित्येक दिवस बोललीच नाही. हसेर वा भात वाढायची, पोर जेवायची, ताट धुऊन ठेवायची. हसेर वा मुद्दाम काहीतरी विसरायची, पोरीने हाक मारून आठवण द्यावी म्हणून. पोर स्वतः उठून घ्यायची.

मित्रांनो, माझ्यावर आयुष्यभर लोकांनी लिहिलं आणि पुसलं. म्हणून एवढंच मागतो. वाक्य आखूड करायला हरकत नाही, पण करताना त्यातून कोण गळतंय ते बघत जा. आणि लेकराच्या आयुष्यातली एखादी गोष्ट लपवायचीच असेल, तर ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याच्या कानी पडण्याआधी तुम्हीच जवळ घेऊन सांगा. नंतर सांगून भागत नाही.

परवा से पॉला चुलीसाठी काड्यापेटी सापडेना. तिने शोध शोध शोधली. हसेर वा मला टेकून बाहेर भाजी निवडत बसली होती. पोर माझ्या आतल्या बाजूला येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "यू, काड्यापेटी कुठे आहे?"

हसेर वाचे हात थांबले. मला वाटलं, आता ही उठते आणि पोरीचं थोबाड रंगवते. तसं व्हावं असंच मला अगदी मनापासून वाटत होतं, मित्रांनो.

पण तिने ओ दिली.